काका घरी असतात का?

परक्या देशात परक्या माणसाची भीती वाटते असं लोक म्हणतात. मला विचाराल तर उलटं आहे. समोरच्या फ्लॅटमधली इजिप्तची बाई तिच्या भाषेत माझ्यावर ओरडली तरी मी हसून मान हलवते, खलास, विषय संपला. पण फोनवर कुणी शुद्ध मराठीत गोड आवाजात "काकी, नमस्कार" म्हणालं की माझ्या छातीत धस्स होतं. आपल्या माणसाला आपली कुठली कडी कुठे आहे ते बरोबर माहीत असतं ना!

आम्ही दुबईत अल कुसैसला राहतो, मुलाकडे. मी आणि आमचे हे. सून ऑफिसात, नात शाळेत, मग दिवसभर मी करायचं काय? ओळखीतल्या काही एकट्या मुलांना पोळी-भाजीचा डबा द्यायला लागले. जाहिरात नाही, पाटी नाही, आणि लायसन्सही नाही. मुलाचा याला पहिल्यापासून विरोध. "आई, कुणी कंप्लेंट केली तर दंड होईल, आणि फ्लॅट माझ्या नावावर आहे. माझ्या व्हिसाचं काय?" म्हणून नवीन माणूस मी घेतच नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगते, इथे काही मिळत नाही हो.

तर भाद्रपदात एका दुपारी फोन आला. "काकी, तुम्ही जेवण करून देता असं कळलं."

"कुणी सांगितलं?"

"एका मित्राने."

"मित्राचं नाव?"

नाव ओळखीचं निघालं, पण म्हणून काय झालं? नाव कुणीही मिळवू शकतं. पुढे त्याने विचारलं, "कांदा-लसूण वेगळं ठेवता का? मांस-मच्छीची भांडी वेगळी आहेत का? स्वयंपाक तुम्ही स्वतः करता की बाई आहे?"

झालं! हे प्रश्न साध्या गिऱ्हाइकाचे नव्हेत, इन्स्पेक्टरचे. मी म्हटलं, "आमच्याकडे काहीच करत नाही," आणि ठेवला फोन.

दोन दिवसांनी परत. या वेळी आवाज आणखी मऊ. "काकी, रागावू नका. एकच विचारतो. काका असतात ना घरी?"

माझ्या हातातली पळी तेलात पडता पडता राहिली. मी म्हटलं, "असतात! पोलिसात होते!"

आमचे हे आयुष्यभर पोस्टात होते. सोफ्यावर पेपर वाचत होते, तिथून म्हणाले, "कुठल्या ठाण्याला होतो तेवढं सांगून ठेव, नाहीतर माझी पंचाईत."

रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "इन्स्पेक्टरच असणार." सून म्हणाली, "स्कॅम. आता ओटीपी मागेल." नात म्हणाली, "आजी, जस्ट ब्लॉक हिम!" हे म्हणाले, "काका घरी आहेत का हा प्रश्न इन्स्पेक्टरचा नाही, चोराचा आहे." त्या रात्री दाराला साखळी लावली ती मी दोनदा बघून आले.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी ठरवूनच उचलला. म्हटलं, आज याला सोडायचं नाही. "हे बघा, तुम्ही कोण, कुठले, आणि आमचे हे घरी असतात की नाही याच्याशी तुम्हाला काय करायचंय? सरळ सांगा, नाहीतर नंबर पोलिसात देते!"

पलीकडे मागे कुठेतरी ड्रिलचा आवाज चालू होता. मग म्हणाला, "काकी, मी गुहागरकडचा. इथे साइटवर एसीच्या डक्टचं काम करतो. कामगारांच्या कॅम्पात राहतो. माझी आई गेली. बाबा आहेत अजून. सवाष्ण गेली ती. घरी असतो तर अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घातली असती. दोन वर्षं झाली, जमलं नाही. कॅम्पात बाईमाणूस कुठून आणू? म्हटलं कुणी काकी मिळाल्या तर... पण तुमचे मालक हयात आहेत का, असं एखाद्या घरी फोन करून विचारायचं कसं? म्हणून आपलं काका घरी असतात का, असं विचारत होतो."

मी म्हटलं, "आधी सांगायचं नाही का?"

"फोन ठेवला होता तुम्ही."

आता तुम्हाला वाटेल, मी विरघळले. थोडी विरघळले, खोटं कशाला सांगू! पण मुलगा म्हणाला, "आई, स्टोरी छान आहे. फसवणारे अशाच स्टोऱ्या सांगतात. वरून त्याचे पैसे घेतलेस तर तोच पुरावा." हे खरंच होतं. पैसे घ्यायचे नाहीत, तर फुकट जेवण त्याला चालेना. आईचं जेवण दुसऱ्याच्या खर्चाने कसं होणार? शेवटी मीच तोडगा काढला. म्हटलं, शिधा घेऊन या. तांदूळ, डाळ, तूप, भाजी, सगळं तुमचं. मी फक्त शिजवते. ह्यात कसली विक्री आणि कसला धंदा?

नवमीच्या सकाळी हे खाली जाऊन त्याला बघून आले. वर येऊन म्हणाले, "हडकुळा आहे. दोन पिशव्या आहेत. चोर असला तर फार गरीब चोर आहे."

पिशव्यांतून केळीचं पान निघालं, हिरवा खण निघाला, नारळ निघाला. नारळ सहा दिरहमचा, म्हणजे दीडशेच्या आसपास. कोकणातल्या माणसाने दीडशे रुपये देऊन नारळ आणलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्याने हात धुतले आणि म्हणाला, "खीर मी ढवळतो." ढवळली, आणि खाली लागू दिली. मी वरण करत होते, पण डोळे त्याच्यावरच. तो कुठे बघतोय, बेडरूमच्या दाराकडे वळतोय का, खिशातला फोन कितीदा बघतोय. बिचारा फक्त पातेल्यात बघत होता.

पान मांडलं. गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही, तसं सांगितलं. तो म्हणाला, "खुर्चीवर बसा की. आईलाही खाली बसायला जमायचं नाही."

मी बसले. त्याने हळदी-कुंकवाची पुडी सोडली, कुंकू लावायला वाकला, आणि तसाच थांबला. त्याची नजर माझ्या गळ्यावर होती.

गळा मोकळा! अहो, त्याच्याच भीतीने मी पहाटे मंगळसूत्र आणि पाटल्या काढून कपाटात घातल्या होत्या, कुलूप लावलं होतं आणि किल्ली ह्यांच्याकडे दिली होती. हातात दोन काचेच्या बांगड्या तेवढ्या. सवाष्ण म्हणून पानावर बसायला निघालेली मी, आणि गळ्यात एक मणी नाही.

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहुतेक त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले आणि तो पिशवीची घडी घालायला लागला, आता आपल्याला जायला सांगतील असं वाटल्यासारखा.

त्याला बाहेर थांबायला सांगून गुपचूप घालून येता आलं असतं. पण मग तो पक्का चोरच ठरला असता, माझ्याच घरात, त्याच्या आईच्या दिवशी. मी मोठ्याने म्हटलं, "अहो, किल्ली द्या. मंगळसूत्र कपाटात राहिलंय."

ह्यांनी शर्टाचे खिसे चाचपले. मग पँटचे. मग फ्रिजवर बघितलं. "इतकी जपून ठेवली होती," म्हणाले, "की मलाच सापडत नाही." शेवटी चष्म्याच्या घरात मिळाली. बेडरूमचं दार मी उघडंच टाकलं, कपाट उघडलं, डबा बाहेर आणून टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर मंगळसूत्र घातलं, पाटल्या घातल्या. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"वळा आता," मी म्हटलं. "कुंकू लावा."

त्याने लावलं. ओटी भरली. ओटी भरणं बायकांचं काम, त्याला कुठून येणार, तांदूळ अर्धे लादीवर सांडले. वाढताना एकच सांगत राहिला, "काकी, पोटभर जेवा हां." त्या करपट खिरीचा मी प्रत्येक घास संपवला. माझं होईपर्यंत तो खुर्चीच्या मागे उभाच होता. माझं जेवण आटोपलं तसा वाकून पायाला हात लावला आणि बराच वेळ वर उठला नाही.

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. "मलाही कुणी वाढणार आहे, की माझं काम नुसतं जिवंत असण्यापुरतंच होतं?"

तो पटकन उठला, डोळे पुसले आणि ह्यांच्यासाठी ताट घ्यायला स्वयंपाकघरात गेला. कुठल्या फडताळात ताटं असतात, ते मी बसल्या जागेवरून सांगितलं.