आईंनी भरून दिलेली गाडी

माझी नोकरी माझ्या सासूने वाचवली.

नवऱ्याने नाही. सुहासला टॅग केलंय, वाचेल.

आईंना जाऊन आज वर्ष झालं. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माहेर पाचोडचं, अख्खा संसार गारखेड्यात, आणि स्टिअरिंगला जन्मात हात लावला नाही.

तरी मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. गिअर टाकायला ड्रायव्हिंग स्कूलने शिकवलं होतं, ते वेगळं.

मी फुलंब्रीच्या शाळेत शिकवते. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळेना, म्हणून आमची जुनी छोटी कार घेऊन जायचे. एकटीच. त्यात पेट्रोल शंभरीच्या वर.

एके दिवशी जेवताना सुहास म्हणाला, "पगार टाकीतच ओतायचा असेल तर घरी बस ना. सोड नोकरी."

किती ठिकाणी मुलाखती देऊन मिळालेली नोकरी होती ती. मी काही बोलायच्या आत आईंनी त्याला विचारलं,

"शेजारचं भांडं आपण रिकामं परत देतो का रे?"

"आता भांड्याचं काय मधेच?"

"मग ही एवढी मोठी गाडी रोज रिकामी का जाती फुलंब्रीला?"

दुसऱ्या दिवसापासून आई कॉलनीभर हिंडल्या. दूध घेताना, देवळात, दळणाच्या रांगेत, ज्याला त्याला एकच प्रश्न: "तुमच्याकडून फुलंब्रीला कोण जातं?" गारखेड्यात तेव्हा जिकडेतिकडे नव्या बिल्डिंगा उठत होत्या. माणसांना काय तोटा!

आठवड्याभरात तिघं जण गोळा केले. बँकेतले शेखभाई, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, आणि चक्क आमच्याच शाळेचे नवले सर. सर इतके दिवस त्याच रस्त्याने मोटारसायकलवर जात होते आणि आम्हा दोघांनाही कधी सुचलं नव्हतं.

पेट्रोल चौघांत वाटलं गेलं. नोकरीचा विषय तात्पुरता थांबला. आईंचं मात्र समाधान नाही.

"लई पिती गं ही गाडी," म्हणाल्या, आणि रविवारी स्वतः माझ्या शेजारी येऊन बसल्या. मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. घरात कुणी किती पाणी वापरायचं ते ठरलेलं.

"सांडलं तर तुझ्या वाट्याचं," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

हर्सूलच्या सिग्नलला मी करकचून ब्रेक मारला. अर्धा तांब्या त्यांच्या साडीवर.

"लाल दिवा लांबून दिसत व्हता ना? मग पळत कुठं व्हतीस? थांबायलाच ना?"

त्या दिवशी मला दुपारचा चहा मिळाला नाही. खरंच नाही मिळाला.

असे कितीतरी रविवार गेले. डोक्यावर भरली घागर असताना कुणी धावतं का, आणि एकदम थांबतं का, एवढंच त्यांचं शास्त्र. हळूहळू माझा पाय हलका झाला. लांबूनच ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी आपली आपण मंदावू द्यायची, सिग्नलला इंजिन बंद. मी विसरले तर मागून शेखभाई म्हणायचे, "मॅडम, इंजन बंद करो. अम्मा को पता चल जाएगा."

मायलेज इतकं सुधारलं की सुहास म्हणाला, "काटा बिघडलाय बहुतेक."

पण आईंचं सगळंच बरोबर असायचं असंही नाही हं. गाडीचं ओझं कमी करायचं म्हणून त्यांनी एकदा डिकी साफ केली. रद्दी काढली, चटई काढली, आणि जॅकही काढून ठेवला. चौका घाटात पंक्चर झालं तेव्हा आम्हाला कळलं. स्टेपनी आहे, जॅक नाही! नवले सर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना हात करताहेत, शेखभाई हसून हसून दगडावर बसलेले. घरी येऊन मी भांडले.

"चार माणसं व्हता की," आई म्हणाल्या. "उचलायची गाडी."

मागच्या वर्षी त्या दवाखान्यात होत्या. किडनीचा त्रास. मी रजा टाकून उशाशी बसले.

"शाळा नाय का आज?"

"रजा घेतलीय, आई."

"आन् सिस्टर कशानं गेली? शेखभाई?"

"गेले असतील आपापले."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग हळूच म्हणाल्या, "इथं सुहास हाय. तू नोकरी सांभाळ. लई कष्टानं राखली आपण दोघींनी. उद्यापासून जा."

मी गेले.

दोन-तीन दिवसांनी शाळेतून परत येताना सिस्टरांचा फोन वाजला. गाडी चालवताना मी फोन घेत नाही हे सुहासला माहीत, म्हणून त्यांना केलेला. त्या नुसतं हो, हो म्हणाल्या. फोन ठेवला.

"मॅडम, गाडी बाजूला घ्या."

पुढे शेखभाईंनी चालवली. सिस्टरांनी माझा हात धरून ठेवला होता. तिघांपैकी कुणीच आपल्या घरी उतरलं नाही. सगळे सरळ आमच्याकडे आले.

घरात पाहुणे जमले होते. कुणीतरी बोललंच, "सून शेवटी जवळ नव्हती बाई."

मला लाज वाटली, राग आला, रडू आलं. सगळं एकदम.

एरवी नातेवाइकांपुढे सुहास तोंड उघडत नाही. त्या दिवशी म्हणाला, "आईनंच पाठवलं होतं तिला."

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसले होते. पाय घराबाहेर निघत नव्हता. शाळा, नोकरी, सगळंच नको वाटत होतं.

सुहासने गाडीची चावी आणून ओट्यावर ठेवली.

"जा," म्हणाला. "माणसं खोळंबलीत."

आई, तुमच्याशिवाय एक वर्ष काढलं. आज पुण्यतिथी असूनही रजा टाकली नाही. टाकली असती तर तुम्हाला आवडलं नसतं.

तुम्हाला मनापासून नमस्कार.