चिमणसाळीचं कौतुक

घरात भाताचं कौतुक सुरू झालं, की ठमाकाकी उठून अंगणात जायची. पाहुणा पहिला घास घेऊन "वा" म्हणायचा, हिराजीकाका मांडी सावरून बसायचे आणि सांगायला लागायचे, "ही आमची चिमनसाळ. माज्या आज्याच्या आज्यानं घाटावरनं कंबरंला बांधून आनली." तेवढ्यात काकीला बाहेर काहीतरी काम आठवायचं. कोंबडी ओरडलेली नसताना ती कोंबड्या हाकलायला जायची, काही वाळत घातलेलं नसताना ऊन कुठवर आलं ते बघायला जायची. मला वाटायचं, बाई लाजाळू आहे, आपल्या हातच्या भाताची स्तुती समोर बसून ऐकवत नाही तिला. माझी आई अशी नाही, त्यामुळे मला त्याचं फारच अप्रूप वाटे.

मी त्या घरी गेले ती भाताची पानं खुडायला. मोहोपाड्याच्या कंपनी कॉलनीत वाढलेली मुलगी मी, भात कुकरमध्ये होतो एवढंच बारावीपर्यंत ठाऊक. पुढे शेतकीचं शिकले आणि एका प्रयोगशाळेत लागले. कर्जत-खालापूर भागातल्या जुन्या भातांची पानं गोळा करायची, खलात वाटून त्यांतला डीएनए काढायचा आणि त्यातल्या काही ठरावीक जागा तपासायच्या, हे आमचं काम. या जागांना आम्ही मार्कर म्हणतो. तपासणीत त्यांचे बारीक पट्टे उमटतात. दोन भातांचे पट्टे जितके वेगळे, तितकं त्यांचं नातं लांबचं. एकाच नावाची दोन भातं परकी निघतात, तर दोन नावांची सख्खी भावंडं निघतात. कोणती वाणं खरोखर वेगळी आहेत आणि आधी जपायला हवीत, ते त्यावरून ठरणार होतं. कोंडाण्याच्या अलीकडच्या गावात हिराजीकाकांची चिमणसाळ आहे, असं ज्याला विचारावं तो सांगायचा. साहजिकच आमची सगळ्यांत जास्त आशा तिच्यावर होती.

पहिल्याच दिवशी काकीने माझी परीक्षा घेतली. मला बांधावर बूट सांभाळत उभी बघून म्हणाली, "शेतकीचं शिकलीस आनि चिखलात पाय टाकाया घाबरतीस व्हय गं?" मी बूट काढले, उतरले आणि तिसऱ्या पावलाला बसले. काकीने मला हसत हसत उपसून काढलं, स्वतःचं लुगडं नेसवलं आणि ताटावर बसवलं. मी आपली कामाची माहिती देऊ लागले तर म्हणाली, "जेव आदी, मंग बोल." हे तिचं पेटंट वाक्य. भांडत आलेल्या माणसालाही ती हेच सांगायची, आणि जेवल्यावर निम्मी भांडणं बोलायची राहूनच जायची. दुसरं एक वाक्य होतं. मी भाताचं नाव, मूळ, कूळ विचारायला लागले की ती म्हणायची, "खाल्ल्या भाताला नाव कशाला?" मी ते हसण्यावारी नेलं. माझा सगळा धंदाच नावांचा होता.

त्या पावसाळ्यात मी वरचेवर जात राहिले. भिजून गेले की काकी चुलीपुढे बसवून माझे केस पुसायची. निघताना आईसाठी जवळ्याची पुडी हातात ठेवायची. आईने तिला कधी पाहिलं नाही, पण आमच्याकडे जवळा आणायची वेळ आली नाही त्या वर्षी.

पानं खुडायचा दिवस मला विसरता येत नाही. काका घरात चष्मा शोधत होते. मी वाफ्यातल्या रोपांची कोवळी पानं पिशव्यांत भरत होते, आणि काकी बांधावर उभी राहून माझ्या हातांकडे बघत होती.

"पोरी, पानावरनं काय काय कळतं?"

"सगळं कळतं काकी," मी ऐटीत म्हणाले. "कोण कुणाचं, कुठून आलं, सगळं. भात खोटं बोलू शकत नाही."

ती हळू म्हणाली, "मंग आमचं नको नेऊस."

मी हसले. सुईला घाबरणाऱ्या माणसाला डॉक्टर हसतो तशी. म्हणाले, अगं काकी, रोपाला काही होत नाही, दोन पानांचा तर प्रश्न. तोवर काका चष्मा लावून आले आणि त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, ने, हवी तेवढी ने, जगाला कळू दे. वाफा तिने टाकलेला, पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब तिने भाजलेला, आणि 'नको' म्हणणारीही तीच होती. मी काकांचा होकार ऐकला आणि पिशव्या बंद केल्या.

निकाल आला तेव्हा मला वाटलं माझ्याच हातून नमुने बदलले. चिमणसाळीचे पट्टे दुकानात पोत्याने मिळणाऱ्या एका सुधारित भाताशी तंतोतंत जुळत होते. पुन्हा पानं आणली, पुन्हा वाटली, पुन्हा तेच. जुनी चिमणसाळ त्या शेतात नव्हतीच. तिच्या नावाखाली तालुकाभर पिकतं तेच भात काका पिकवत होते.

आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांचा एक नियम होता: ज्याचं बी, त्याला आधी त्याच्या घरी जाऊन सांगायचं. मी गेले नाही. कामं होती, गाडी मिळाली नाही, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. खरं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर हे सांगायचं धाडस नव्हतं, चारचौघांत सांगणं सोपं वाटलं. गावच्या समाजमंदिरात निकाल सांगायची सभा लावली होती. भिंतीवर फांद्याफांद्यांचा तक्ता टांगला, कोणतं भात कुणाच्या जवळचं ते दाखवलं. चिमणसाळीपाशी आल्यावर वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणाले, "आणि काकांची चिमणसाळ तर आपल्या बाजारातल्या बियाण्याची जुळी बहीण निघाली."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मंग काका, आज्याच्या आज्याला दुकानाची पावती दिली व्हती का न्हाय?" पुन्हा हसू. काका हसले नाहीत. त्यांनी दाराकडे बघितलं. बायका तिकडे बसल्या होत्या आणि त्यांच्यातून काकी उठून बाहेर चालली होती, अगदी घरी उठायची तशीच. ती दिसेनाशी होईपर्यंत काका बघत राहिले. मग उभे राहून म्हणाले, "त्ये माजंच काम हाय. माजा पाय मोडला त्या साली बी सडलं, तवा मीच दुकानातनं आनवलं. सांगायची लाज वाटली, म्हनून बोललो नाय." एवढं बोलून ते खाली बसले. गावात ज्याच्या भाताला मान होता तो माणूस त्या संध्याकाळपासून थापाड्या ठरला.

त्यानंतर वर्षभर मी त्या गावच्या रस्त्याला गेले नाही. आईने जवळ्याची आठवण काढली की मी दुसरा विषय काढायचे.

काकी भेटली ती खालापूरला. कचेरीत तिचं काही काम होतं, मी एसटीची वाट बघत होते. मी तोंड चुकवायच्या आत तिने हाक मारली. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिने वडापाव घेऊन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "खा आदी." मग स्टँडच्या बाकावर बसून तिने जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं.

काका आंब्यावरून पडले तेव्हा पोरं लहान होती. काका पनवेलला दवाखान्यात, आणि घरी विचारपूस करायला येणाऱ्यांची रीघ. जो येई तो म्हणे, आलोच आहोत तर चिमणसाळीचा भात खाऊन जातो. घरखर्चाचं भात संपलं. रेशनचा तांदूळ होता, पण त्या घरात बसून पाहुण्यांना रेशनचा भात वाढायचा तिला धीर झाला नाही. बियाण्याचा मुडा, म्हणजे पेंढ्यात घट्ट वळून बांधलेलं पुढच्या वर्षाचं बी, माळ्यावर होता. तिने तो सोडला. आज थोडं, उद्या थोडं, असं करत सगळं बी शिजलं. येणारे घासागणिक वाहवा करत होते. मग तिने कर्जतहून तशाच बारीक दाण्याचं बियाणं आणलं, त्याच पेंढ्यात भरलं आणि मुडा पुन्हा माळ्यावर ठेवला.

"बियानं खाल्लं गं मी," ती म्हणाली. "पोरं उपाशी व्हती म्हनून नाय. लोकांनी चांगलं म्हनावं म्हनून."

मग काकांना कधी कळलं, असं मी विचारलं. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "कापनीला बांधावर उबा ऱ्हायला. म्हनला, औंदा साळ बुटकी झाली. येवडंच. पुना कदी काय बोलला नाय." मग तिने मला विचारलं, "जुनी साळ मानसाच्या खांद्याला लागायची. ही कंबरंला. जल्मभर शेती केल्याला मानूस, त्याला कळलं नसंल व्हय? मला वाटायचं, त्याला ठाव नाय म्हनून कौतिक करतो. ठाव व्हतं म्हनून करत व्हता गं त्यो. कुनी माज्यावर शंका घेऊ नये म्हनून."

मी म्हणाले, मग आता त्यांना सांगून टाक, मोकळी हो. ती नाही म्हणाली. "चार लोकांत त्यानं माजं पाप आपल्या नावावर घेतलं. आता मी बोलले तर त्यो खोटा पडंल. आदी सांगायची भीती व्हती. आता सांगायची सोयच नाय." हे बोलताना तिच्या आवाजात मला दोष नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

उठता उठता तिने विचारलं, तुमच्या त्या तपासणीत आमची खरी साळ कुठं सापडेल का. मी तिला खरं ते सांगितलं: जुळवायला जुन्या साळीचा एक दाणा तरी हवा. जे उरलंच नाही त्याचे पट्टे उमटत नाहीत. तरी ती हटली नाही. लग्नकार्यात कुणाकुणाला ओंजळभर बी दिलं होतं ते आठवून आम्ही दोघी ती घरं फिरलो. कुणी शेती सोडली होती, कुणी बी बदललं होतं. शेवटची आशा नणंदेची, खालापूरच्या पुढे. तिच्या शेतावर आता फार्महाऊस होतं आणि फाटकाला कुलूप. काकी त्या फाटकाच्या गजांतून आतल्या हिरवळीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "पानी किती घालत्यात गं." मग आम्ही रिक्षाने परत आलो.

गेल्या पावसाळ्यात काकी गेली. ताप आला, कर्जतला नेलं, ती घरी परत आली नाही.

कार्याच्या दिवशी मी गेले. काका अंगणात एका बाजूला बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून विचारलं, "खालापूरला तुला भेटली व्हती ना ती? काय बोलली का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही काका. आईची चौकशी केली फक्त."

"बरं," ते म्हणाले. काही वेळाने पुन्हा म्हणाले, "बरं झालं." भात खोटं बोलू शकत नाही, असं मीच सांगितलं होतं एकदा. माणसाला ते कधी बोलावं लागतं, हे मला त्या घराने शिकवलं, आणि शिकायला फार उशीर केला मी.

घरात पंगत बसली. भात वाढायला सुरुवात झाली. सभेनंतर काकांनी भाताबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, असं त्यांचा मुलगा मला सांगत होता. तेवढ्यात काका काठी टेकत आत पंगतीपाशी आले आणि पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, "सावकाश जेवा. चिमनसाळ हाय."

कुणी हसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ मान डोलावून "वा" म्हणाले. काकांची नजर सवयीने दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. दारातून कुणीच उठून जात नव्हतं.

मी हातातला घास पानावर तसाच ठेवला, उठले आणि अंगणात गेले.