चीनवाले सर

आमचे चीनवाले सर आयुष्यात नांदेडच्या पुढे गेले नव्हते, आणि नांदेडलाही गेले ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. पण चीनमधलं दुसरीतलं लेकरू वर्गात आल्यावर आधी काय करतं, हे सगळ्या सेनगाव तालुक्यात फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांची थोरली मुलगी तिकडे डॉक्टरकी शिकत होती. तिच्या वसतिगृहाच्या खानावळीत काम करणाऱ्या बाईची पोरगी सहावीत, आणि आमच्या सरांकडेही वर्ग सहावीचाच. एवढ्या नात्यावर सरांनी त्या पोरीच्या 'नीती आणि कायदा' या विषयाच्या, म्हणजे आपल्या नागरिकशास्त्रासारख्या पुस्तकाचे फोटो मागवायला सुरुवात केली. मग तिच्या दुसरीतल्या धाकट्या भावाचंही पुस्तक आलं. फोन लागला की 'जेवलीस का' विचारायच्या आधी सर पुढचा धडा विचारायचे.

मी त्यांच्याच जिल्हा परिषद शाळेत शेजारच्या वर्गावर होते. सरांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. मराठी बोलायचे झकास, पण लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. म्हणून मुलगी त्यांना अर्थ सांगायची, ते मला सांगायचे आणि मी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता एका दोनशे पानी वहीत तो उतरवून घ्यायचे. "बराबर लिव्हा मॅडम, घाई करू नका," असं म्हणत ते समोर बसून राहायचे आणि त्यांच्या डब्यातली भाकरी वाळून जायची.

त्यांना चीनचं कौतुक आहे असं लोक म्हणत. तसं नव्हतं. भाजी घ्यायला गेलं तरी दोन गाडे फिरून बघणारा हा माणूस, त्याला तुलनेची खोड होती. तिकडच्या सहावीच्या पुस्तकातही संविधान आहे, ओळखपत्र आहे, नागरिकांचे हक्क आणि कर्तव्यं आहेत, शांततेनं राहावं असा धडासुद्धा आहे, हे कळलं तेव्हा ते जेवायचे थांबले. "आपल्याबी पुस्तकात हाय, त्यांच्याबी हाय. मंग सरहद्दीवर भांडून कोन राहिलं?" दुसऱ्या दिवशी वर्गालाही त्यांनी हेच विचारलं. कुणालाच उत्तर आलं नाही. "मलाबी न्हाई येत," म्हणाले आणि फळा पुसला. 'मला येत नाही' हे ते इतकं सहज म्हणायचे की मुलांना तेही एक उत्तर वाटायचं.

एकदा मुलीनं सांगितलं, तिकडच्या पुस्तकात 'तुला काय वाटतं' असा प्रश्न असतो, पण सगळ्या वर्गाला एकच वाटतं. सर खूप हसले. "आपली लेकरं बरी, हरेक जण येगळं चुकतंय." मग म्हणाले, "त्यांच्यात 'आपन' लई, 'काहून, कशाला' कमी. आपल्यात हक्क लई, अन् झाडू धराया कुनी न्हाई. दोन्ही पुस्तकं अर्धीच हायेत, मॅडम."

झाडूचं मात्र त्यांनी मनावरच घेतलं. आमच्याकडे वर्ग झाडायचं काम मुलींचं, त्यातही गावाबाहेरच्या वस्तीतल्या तीन मुलींचं. असं कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. चीनच्या दुसरीच्या पुस्तकात वर्गातली कामं नंबरानं करायचा धडा होता. सरांनी तसाच तक्ता करून भिंतीला लावला. हजेरीतली सगळी नावं ओळीनं, आणि सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं. सोमवारी त्यांनी स्वतः वर्ग झाडला. गुरुवारी शाळा समितीच्या एका सदस्याच्या मुलाचा नंबर आला, आणि शुक्रवारी ते सदस्य दारात उभे.

"काहून हो सर, आमचं पोरगं झाडू मारून राहिलं म्हनं?"

"व्हय. चांगलं झाडलं त्यानं. कोपरे ऱ्हायले जरा."

"हे पोरींचं काम हाय."

"मंग सोमवारी म्या केलं ते काय व्हतं?"

सदस्य तडक निघून गेले. पुढच्या चाचणीत 'चांगल्या नागरिकाची कर्तव्ये लिहा' असा प्रश्न होता. त्यांच्याच मुलानं लिहिलं, 'चीनमधली मुले आपला वर्ग आपण झाडतात. आपणही झाडावा.' सरांनी पूर्ण गुण दिले. तो पेपर बापाच्या हाती लागला आणि शाळेत चीनचा अभ्यासक्रम शिकवतात अशी तक्रार केंद्रप्रमुखांकडे गेली. तेव्हा सीमेवर तणाव होता, मोबाइलवर रोज काहीबाही फिरत होतं. सरांचं नावही अशा तक्रारीला सोयीचं होतं, पण हे मोठ्यानं कुणी बोललं नाही.

सरांकडून खुलासा मागवला. मुख्याध्यापकांनी समजावलं, "स्वच्छतेचा उपक्रम होता असं लिहा, विषय संपला." सरांनी लिहिलं, चीनच्या पुस्तकातून घेतलं, चांगलं वाटलं म्हणून घेतलं. असली चूक त्यांनीच करावी. धडे उतरवलेली वही आहे हे कळून केंद्रप्रमुखांनी ती मागितली तेव्हा मात्र त्यांनी साफ नकार दिला, आणि तोच नकार त्यांच्या अंगाशी आला. वहीतलं अक्षर माझं होतं.

अशी वही आपण पाहिली आहे काय, असं मलाही विचारलं. मी लिहून दिलं, 'मला याबाबत काही माहिती नाही.' एक ओळ, खाली सही. तेव्हा घाबरले होते असं सांगितलं तर बरं दिसेल, पण खरं म्हणजे मला काहीच वाटत नव्हतं. मस्टरवर करावी तशी सही केली. केंद्रप्रमुखांनी तो कागद सरांच्या समोरच वाचून दाखवला. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बराबर हाय," म्हणाले, "मॅडमला काई म्हाईत न्हाई."

त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वारंगा फाट्याच्या पलीकडे झाली. निरोपाला चहा झाला, हार कुणी आणला नव्हता. जाताना एवढंच म्हणाले, "मॅडम, तक्ता काढू देऊ नका." आठवड्याच्या आत तो काढला गेला. सरांचा वर्ग आता माझ्याकडेच होता, काढताना मी तिथेच होते. दुसऱ्या दिवसापासून त्याच तीन मुली झाडायला लागल्या आणि मी बाहेर उभी राहून धूळ बसायची वाट बघू लागले.

मागच्या वर्षी सर गेले. मला आठ दिवसांनी कळलं. रडू येईल म्हणून मी शाळेच्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. आलं नाही. घंटा झाली तशी वर्गावर गेले.

महिन्याभरानं त्यांच्या मुलीचा फोन आला. ती आता इकडेच डॉक्टर आहे.

"मॅडम, अब्बा तुमचं लई नाव घ्यायचे. म्हनायचे, समदी शाळा गप बसली, तवा एकट्या मॅडमनं माझ्या बाजूनं लिहून देलं. तेवढ्या एका कागदाचा त्यान्ला लई धीर व्हता."

फोन कटला असं वाटून ती दोनदा 'हॅलो' म्हणाली.

"देलं व्हतं ना, मॅडम?"

"हो," मी म्हणाले.