शेवटच्या भागाला नेलेली घागर

लेकीची लाडकी मालिका संपली, तशी मला दुष्काळातली आमची मालिका आठवली. लातूर जिल्हा नवा होता, नळ मात्र कोरडे. शेजारच्या काकूंकडे टीव्ही होता आणि बोअरला पाणी. नुसतं पाणी मागायला आईला लाज वाटायची, म्हणून दर इतवारी मी मालिका बघायला घागर घेऊनच जायचे.

शेवटच्या भागाला सगळे डोळे पुसत होते. मी रिकाम्या घागरीचा काठ घट्ट धरून बसले होते. आता कुठल्या निमित्तानं यायचं?

काकूंनी टीव्ही बंद केला. "पुढच्या इतवारी बी ये गं. काय लागंल ते बघू. घागर इसरू नको."

"तुझ्या मालिकेचा शेवट काय झाला?" लेक विचारते.

मी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं.