अक्कांची सुद्दी आणि माझा शनिवार

कमलिनीअक्कांवर स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष यशोधन मला म्हणाले. वर पुन्हा, "मृदुलाताई, तुमच्याइतकं शुद्ध कोण लिहिणार?" जखमेवर मीठ कसं चोळावं ते या माणसाकडून शिकावं. म्हैसूरमध्ये एवढी मराठी माणसं आहेत, पण अक्कांचे गोडवे गायला यांना मीच सापडले! असो. मुळात मला काही फरक पडत नाही. लिहिते. पण जसं आहे तसं लिहीन, मग छापा नाहीतर चुलीत घाला.

आधी माझं सांगते, कारण ते कुणी सांगणार नाही. निनादच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कोथरूडहून इथे कुवेंपुनगरात आलो. मंडळाच्या गणेशोत्सवात गेलो तर काय, लिंबू-चमचा आणि अंताक्षरी! नाटक मी आणलं. दरवर्षी दोन अंकी, सामाजिक आशयाचं, स्वतः लिहून स्वतः बसवलेलं. गणपतीतल्या शनिवारची संध्याकाळ माझी. लोक तिला 'मृदुलाताईंचा शनिवार' असंच म्हणायचे. बायका डोळे पुसायच्या. काही जण घड्याळ बघायचे, पण घड्याळ बघणारे कुठे नसतात?

आता कमलिनीबाई. त्या अस्सल इथल्या. त्यांचे कुणी पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकलं, पण काय ते मराठी! "ऊट झालं काय गे? बा की, बस की. सुम्मे उभी राहतीस, पाय दुखतील, अल्लवा?" जेवणाला ऊट, 'ये'ला बा, उगीचला सुम्मे आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला, 'हो ना?' म्हणून, अल्लवा. मुळात याला मराठी म्हणायचं का, इथून माझी सुरुवात. पण लोकांना त्याचं भारी कौतुक. मी सगळ्यांची ताई, आणि ही बाई सगळ्यांची अक्का.

अक्कांनी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. बोर्डावर बसून सगळ्या गावाचे आवाज कानात भरले. कुठला साहेब कसा खाकरतो, कुठला दुकानदार 'हॅलो' कसा लांबवतो, सगळं घशात साठवून ठेवलेलं. नवरा शंभूराव लवकर गेले. एकुलती एक मुलगी नव्या, तिला एकटीने वाढवलं, इंजिनिअर केलं, लग्न करून कॅनडाला पाठवलं. हे मी मानते. जे आहे ते आहे.

नव्याच्या बाळंतपणाला अक्का हॅलिफॅक्सला गेल्या आणि तिथेच सगळा घोळ झाला. बाहेर कमरेएवढा बर्फ, घरात तान्हं बाळ आणि समोर टीव्ही. टीव्हीवर दर आठवड्याला एक विनोदी कार्यक्रम लागायचा. चौघं जण कोट-टाय लावून टेबलामागे बसतात, अगदी खऱ्यासारख्या खोट्या बातम्या देतात, मध्येच टोप चढवून पंतप्रधान होतात, मुख्यमंत्री होतात, एकमेकांवर ओरडतात. अक्कांना निम्मं इंग्रजी कळायचं नाही. जावई शेजारी बसून समजावून सांगायचा, हा अमुक प्रांताचा, हा तेलाच्या प्रांताचा, हा मासेमारीच्या. हिवाळा संपेपर्यंत या बाईला कॅनडाचं सगळं मंत्रिमंडळ चालीसकट पाठ.

"पण एक गोष्ट नोडु, बघा की," परत आल्यावर त्या मंडळात सगळ्यांना गोळा करून सांगत होत्या. "तिथे ज्या मंत्र्याची टिंगल करतात नं, तो मंत्री खरंच येतो! आपलं सोंग घेतलेल्या माणसाशेजारी उभा राहतो, स्वतःवरच हसतो, आणि घरी जातो. मी जावयाला म्हटलं, अय्यो, हे तर लय शाणे लोक!"

मी म्हटलं, झालं. बाई गं, आता ही काहीतरी करणार.

त्या वर्षी त्यांनी गणपतीत दहा मिनिटं मागितली. माझ्या नाटकाआधी. दिली, म्हटलं म्हातारीचा हट्ट. कार्यक्रमाचं नाव 'अक्कांची सुद्दी'. सुद्दी म्हणजे बातमी. कल्याणमंटपाच्या, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयाच्या, स्टेजवर एक टेबल, त्यामागे या, काठापदराच्या साडीवर जावयाचा कोट घालून. चेहरा ढिम्म. "नमस्कार. आजच्या ठळक सुद्दी. मंडळाचे अध्यक्ष यशोधन यांनी तासभर भाषण केलं. सगळं ऑफिसच्या सवयीने म्यूटवर होतं, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही." हॉल फुटला. मग त्यांनी यशोधनचा आवाज काढला, तो 'लेट मी कम टु दॅट' वाला, आणि शेवटी खऱ्या यशोधनला वर बोलावलं.

इथे त्यांनी खरी मेख मारली. आमच्या म्हैसूरमध्ये सत्कार म्हणजे शाल, हार आणि डोक्यावर म्हैसूर पेटा, ती जरीची पगडी. त्याशिवाय सत्कार झाला असं कुणी मानतच नाही. अक्कांनी ज्याची टर उडवली त्यालाच शेजारच्या खुर्चीत बसवून पेटा चढवला. टिंगल तीच, सत्कारही तोच! यशोधन पगडी सावरत लाल होऊन हसत होते. त्या दहा मिनिटांची पस्तीस झाली. माझ्या नाटकाचा पडदा उघडला तेव्हा लोक बाहेर कॉफी पीत 'लेट मी कम टु दॅट' करत होते.

पुढच्या वर्षी अक्कांना शनिवार. मला शुक्रवार दुपार. शुक्रवारी दुपारी नाटकाला कोण येतं? आजी-आजोबा आणि झोपलेली बाळं. मुळात मला काही फरक पडत नाही, असं मी कमिटीला तोंडावर सांगितलं.

मग तर लाटच आली. प्रसाद कमिटीच्या दामोदररावांना पेटा, कारण मोदक मोजून देतात. स्मृती कुलकर्णीला पेटा, कारण प्रत्येक फोटोत पुढे. आरतीला आलेल्या माजी नगरसेवकांनाही सोडलं नाही, त्यांच्याच आवाजात म्हणाल्या, "रस्त्यात खड्डा? मला कसा कळणार? मी गाडीतून जातो." ते गृहस्थ कन्नडमध्ये हसत हसत वर आले, पेटा घालून घेतला, फोटो काढले. खड्डा काही बुजला नाही, तो भाग वेगळा. पण मंडळात नवंच खूळ निघालं. आपलं सोंग यावं म्हणून लोक अक्कांच्या पुढे-पुढे करायला लागले. ज्याचं सोंग झालं तो मोठा, ज्याचं नाही तो कुणीच नाही.

आणि निनाद! माझा नवरा! माझ्या नाटकात इतकी वर्षं माइक सांभाळला, तेव्हा कुणी विचारलं नाही. अक्कांनी त्याचं 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' केलं, मग माइकचं 'खर्रर्र', मग त्याचा तो बावळट चेहरा, आणि हा गडी खो खो हसत वर. घरी येऊन पेटा कुठे ठेवला? शोकेसमध्ये. माझ्या नाट्यस्पर्धेच्या ढालीवर! ढालीवर टोपी घातल्यासारखा. मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. माझ्या नाटकाला हा माणूस असा एकदा तरी हसला का? एकदा तरी?

"तुझी नाटकं हसायची नसतात ना," तो म्हणाला.

म्हणजे बघा, सगळ्या मंडळाला पेटा मिळाला. मी सोडून.

मी काय केलं नाही? मुद्दाम स्वागताचं भाषण लांबवलं. लोक जांभया देत होते, मी आणखी वाढवलं. चपला कुठे काढाव्यात यावर सूचना दिली, तीही यमक जुळवून. पहिल्या रांगेत बसून अक्कांकडे टक लावून बघितलं. म्हटलं, घे ना बाई, एवढं ताट वाढून ठेवलंय! नाही. त्या माझ्यावरून अशा पुढे जायच्या की जणू मी हॉलमधला खांब. टिंगल झाली असती तर मी रागावले असते, हे खरं. पण टिंगल न करण्याइतका अपमान माझा आयुष्यात कुणी केला नव्हता.

यंदा गणपतीच्या आधी कळलं, अक्का कायमच्या हॅलिफॅक्सला चालल्या. नव्या त्यांना इथे एकटीला ठेवायला तयार नाही. हा शेवटचा शनिवार. मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. उठले आणि नजरबादला त्यांच्या घरी गेले.

त्यांनी कॉफी पुढे ठेवली. मी घोटही न घेता म्हटलं, "कमलिनीबाई, एक विचारू? तुम्ही सगळ्यांची सोंगं केलीत. माझं का नाही?"

त्यांनी माझी कपबशी आणखी पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "तिथला मंत्री हसायची तयारी करून येतो गे. तू येशील, अन् पेटा घातल्या-घातल्या रडशील. अल्लवा? सगळ्यांसमोर तुला रडवून मी काय मिळवू?"

मला इतका राग आला! रडेन? मी? आणि तेवढ्यात डोळे भरून आले, मेले. कॉफीत बघत बसले.

"आता माझं ऐक," त्या म्हणाल्या. "एवढी सोंगं केली, पण माझं कुणी नाही केलं. मी चालले. पेटा माझ्या डोक्यावर नाहीच आला. शनिवारी माझं सोंग तू घे."

"मी? का?"

"प्रेमाने बघतात त्यांना काही दिसत नाही. अक्का छान, अक्का गोड, बस. तू एवढी वर्षं जळून-जळून बघितलंयस मला. माझं सगळं तुला पाठ आहे. अल्लवा?"

खरंच पाठ होतं. कोटाची बाही कशी ओढतात, विनोदाच्या आधी चष्मा कसा नाकावर घसरू देतात, लोक हसायला लागले की कसं खोटंखोटं दचकतात. एकूण एक. शत्रूचं घर कुणाला माहीत नसतं?

शनिवारी मी टेबलामागे बसले. अंगात तोच कोट. "नमस्कार. ठळक सुद्दी. कमलिनीअक्का कॅनडाला चालल्या. तिथल्या सरकारने घाबरून सगळे मंत्री सुट्टीवर पाठवलेत, अल्लवा?" पहिला हशा आला आणि, खरं सांगते, मी खोटंखोटं नाही, खरंच दचकले. एवढा मोठा आवाज माझ्यासाठी कधी झालाच नव्हता. "मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही. सुम्मे कानावर पडायचं, रोज, आठ तास." आणि मागच्या रांगेत माइकजवळ निनाद वाकून, पोट धरून हसत होता. माझ्यावर! म्हणजे अक्कांवर. पण हसवत मी होते.

मग अक्का वर आल्या. मी त्यांना पेटा घातला. त्यांचं कपाळ लहान, पगडी भुवयांवर आली. त्या एवढ्या हसल्या की खोकला लागला. सगळा हॉल उभा राहून "अक्का! अक्का!" ओरडत होता. टाळ्या कुणासाठी होत्या? त्यांच्याचसाठी. माझा शनिवारसुद्धा जाता जाता घेऊनच गेल्या. पेटाही बॅगेत घालून नेला.

हे सगळं लिहून झालं होतं. लेख इथेच संपणार होता. पण आज सकाळी अक्कांच्या मुलीने, नव्याने, व्हिडिओ पाठवला.

हॅलिफॅक्समधल्या मराठी घरांचा छोटासा मेळावा. टेबलामागे अक्का, पण आज अल्लवा नाही, सुम्मे नाही. पाठ ताठ, मान वर, आणि तोंडात असं स्वच्छ कोथरूडचं मराठी की मी चमकलेच. एकही कन्नड शब्द नाही! येत होतं तर या बाईला! "मुळात," त्या म्हणाल्या आणि चष्मा दोन बोटांनी वर ढकलला, "मुळात मला काही फरक पडत नाही." लोक हसले. "मला शुक्रवार दुपार दिली. मुळात मला काही फरक पडत नाही. नवऱ्याने ढालीवर पगडी ठेवली. मुळात..." आता लोक कोसळत होते. माझं नाव नाही, गाव नाही, मला कधी न पाहिलेली माणसं डोळे पुसत होती.

"मुळात मी असं बोलतच नाही!" मी निनादला म्हटलं.

निनाद जमिनीवर बसला. अक्षरशः फरशीवर बसून हसला, आणि त्याच्याकडे बघून मलाही हसू फुटलं, मग थांबेचना.

हसता हसता मला त्या हॅलिफॅक्सच्या लोकांचा इतका हेवा वाटला! माझं सोंग, आणि पहिल्यांदा बघितलं त्यांनी. व्हिडिओ पुन्हा लावला तेव्हा अक्कांच्या शेजारची खुर्ची दिसली. रिकामी होती. तिच्यावर पेटा ठेवला होता, इथून नेलेला, मी घातलेला. शेवटी अक्कांनी त्या खुर्चीकडे हात केला आणि ते कोथरूडचं मराठी सोडून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बा गे. ये की."

मुळात मला काही फरक पडत नाही. फक्त कॅनडाचा व्हिसा कसा मिळतो, ते निनाद बघतोय.