बुरुलचा एजेंचा जांभळा चंबू

चंबूत ॲसिड ओतलं ते मी. तेही मदत म्हणून.

आमच्या किर्गिझस्तानातल्या नारीनच्या शाळेत बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचाताई, माझ्या जन्माआधीपासून रसायनशास्त्र शिकवतात आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. त्या दिवशी तपासनीस त्यांचा तास बघायला येणार होते. तास पसंत पडला तर एजेंना वरची श्रेणी, नाहीतर त्यांचे निम्मे तास नव्या बाईंना. एजेंनी कोबाल्टचं द्रावण बेताचं जांभळं करून ठेवलं होतं. ते बर्फात गुलाबी आणि उष्णतेने निळं व्हायचं होतं. मी ते नेऊन गारठलेल्या खिडकीत ठेवलं. गुलाबी झालं. मला वाटलं, नासलं! मग चांगलं निळं होईतो ॲसिड घातलं. खिडकीपेक्षा उबदार वर्गात आणल्यावर त्याची शाईच झाली. बर्फातही ढिम्म.

"आदिलेत, काय केलंस हे?"

"रंग उडाला होता, एजे."

"तुझा उडायला हवा होता."

समोर तपासनीस जोल्दोश बायके, म्हणजे जोल्दोशदादा, बसलेले. एजेंनी काही लपवलं नाही. "आदिलेतने ॲसिड ओतून गुलाबी-निळ्याचा समतोल निळ्याकडे ढकललाय. मी पाणी घालून मागे आणते," त्या मुलांना म्हणाल्या. थेंब थेंब पाणी पडलं. जांभळा परत आला.

"म्हणजे समतोल स्थिरांक बदलला?" बायकेंनी खोच मारली.

पहिल्या बाकावरची आयझिरेक उभी राहिली. "नाही, बायके. लग्नात पाहुणे वाढले तर गुलाबी आणि निळ्या, दोन तंबूंत सरकासरकी होते. पण कुठल्या तंबूचा ओढा किती, हा स्थिरांक चुलीच्या उबेवर ठरतो."

"आणि उत्प्रेरक घातला तर?"

"पाहुणे लवकर बसतील. पण बसतील तिथेच."

वर्ग हसला. बायके हसले नाहीत. "बोलणं झालं. आता दाखवा."

बर्फाची बादली होती. चंबू गुलाबी झाला. पण वीज सकाळपासून गेलेली. शाळेत गरम म्हणावं असं एकच होतं: बायकेंसाठी थर्मासात भरलेला चहा. आमच्याकडे पाहुणा चहाविना गेला तर घराण्याला नावं ठेवली जातात. एजेंनी एकदा थर्मासकडे पाहिलं, एकदा बायकेंकडे.

"बायके, तुमचा चहा घेते हं."

सगळा चहा भांड्यात उपडा केला, त्यात चंबू बुडवला, वर काढून पुसला. गर्द निळा.

"काहीही ओता, स्थिरांक तोच. तो बदलतो फक्त तापमानाने."

बायके चहासाठी पुढ्यात ठेवलेल्या रिकाम्या वाडग्याकडे बघत राहिले. मग कागदावर 'उत्तम' लिहिलं. दारात मला विचारलं, "कसला होता रे चहा?"

"दुधाचा. मीठ घातलेला."

"हं. एक चहा उधार, ठेव ध्यानात."

वसंतात एजेंची श्रेणी आली. बायके मात्र अजून फिरकलेले नाहीत. त्यांचा वाडगा मी कपाटात ॲसिडच्या बाटलीपासून लांब ठेवलाय.