मताधिकाराच्या घरातल्या आम्ही दोघी

दर शनिवारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकच गोष्ट सांगत राहिलं, की तिच्या कडेकडेने किस्से साठत जातात. आमचे इतके साठलेत की नवरा म्हणतो, आता त्यांचीच टूर काढा!

अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या एका जुन्या घराचं आता म्युझियम झालंय. तिथे राहणाऱ्या बाईंनी आधी दारूबंदीसाठी, मग बायकांच्या मतासाठी जन्मभर भाषणं केली. मत मिळायच्या आधीच त्या गेल्या. तिथे आम्ही दोघी हौशी गाईड: नागपूरच्या रिटायर्ड डॉक्टर निर्मलाकाकू आणि पुण्याची मी, कित्येक वर्षं ग्रीन कार्डची वाट बघणारी.

*

या घरात दारूचा थेंब चालत नाही, हा नियम अजून पाळतात. बाईंच्या वाढदिवसाला कुणीतरी रम केक आणला. काकूंनी वास घेतला आणि केक सरळ पार्किंग लॉटमध्ये नेला. मागोमाग सगळे पाहुणे. घरात उरल्या फक्त फोटोतल्या बाई!

*

एका शाळकरी मुलीने मला विचारलं, मी मत कुणाला दिलं? म्हटलं, मी व्हिसावर आहे, मला मत नाही. तिने काकूंकडे पाहिलं. त्यांनाही नव्हतं. मग तिने भिंतीवरच्या बाईंकडे पाहिलं.

"सो, नन ऑफ यू थ्री?"

*

काकूंना सिटिझनशिप कधीच मिळाली असती. पण मग भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, आणि तो त्या देवघरात ठेवायच्या. काका दर निवडणुकीला विषय काढायचे. काकू म्हणायच्या, पुढच्या वेळी.

एकदा म्युझियम बंद करताना मला राहवलं नाही. "काकू, तुम्हाला देतायत तर तुम्ही घेत नाही. मला हवंय तर कुणी देत नाही."

काकूंनी दाराला कुलूप लावलं. माझी मुलं इथे वाढतायत, मला इथे एकदा तरी मत द्यायचंय. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मला रडू येत होतं.

*

शेवटी काकूंनी नागरिकत्वाची शपथ घेतली. पासपोर्ट सरेंडर करायला पाठवला, त्या संध्याकाळी काकांना म्हणाल्या, देवघर रिकामं दिसतंय. देव सगळे जागेवर होते.

*

मतदानाला काकूंना मीच ड्राइव्ह करून नेलं. आमटीतल्या मिठाबद्दलही कुणाला न विचारणाऱ्या काकूंनी गाडीतच, आत बघून मत द्यायला आणलेली नमुन्याची मतपत्रिका काढली आणि भराभर खुणा केल्या. स्कूल बोर्डापाशी थांबल्या; इथे शाळांचं मंडळही मतदानानेच निवडतात. कागद माझ्यापुढे धरला.

"माझी मुलं चाळिशीची झाली. शाळेत तुझी जातात. बोल, कोण?"

"काकू, मत तुमचं आहे."

"म्हणूनच विचारतेय."

मी नाव सांगितलं. काकूंनी त्यावर खूण केली, कागद आणि चष्मा पर्समध्ये ठेवला आणि मत द्यायला आत गेल्या.